बौद्धिक संपदा आणि इंटरनेटवरील वादांची वकिली : सुरुवात कोठे करावी?

नवी_सनद_डोंबिवली : वाणिज्य शाखेची पदवी आणि एलएल.बी. झाल्यावर यंदा सनद घेतली आहे. ट्रेडमार्क, कॉपीराइट आणि डोमेन नावांचे (संकेतस्थळांच्या पत्त्यांचे) तंटे या क्षेत्रात वकिली करण्याचा विचार आहे. शिक्षणावर आता वीस हजारांहून अधिक खर्च करता येणार नाही. पदविका करावी की थेट एखाद्या वकिलाकडे उमेदवारी, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

पार्लेकर : माझ्या भाच्याने लंडनहून एलएल.एम. केले आणि आज तो बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात बसतो. शिक्षणाचा खर्च हा खर्च धरूच नये, कर्ज काढावे.

जुना_मुन्शी : लंडनपेक्षा अँटॉप हिल जवळ आहे. तेथील ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाची कामे करणाऱ्या वकिलांकडे बसावे. कार्यालयाच्या हरकती कळवणाऱ्या परीक्षण अहवालाला एका महिन्यात उत्तर आणि दुसऱ्याच्या अर्जाच्या जाहिरातीनंतर चार महिन्यांत त्याला विरोध, या मुदती ज्याच्या डायरीत चुकत नाहीत त्याचे पक्षकार टिकतात. एका मसालेवाल्याने आपल्या ट्रेडमार्कचा वापर २००५पासून असल्याचे अर्जात लिहिले होते, आणि जोडलेले सर्वांत जुने बिल २०११चे निघाले. समोरच्या वकिलांना तेवढे पुरले, त्यांनी दुसरा मुद्दा काढलाच नाही.

पेटंटप्रेमी : पेटंट कार्यालयात पक्षकारांचे अर्ज चालवणाऱ्या पेटंट एजंटची परीक्षा द्यावी. मी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालो.

फोर्ट_चेंबर : मूळ प्रश्न वाचण्याची तसदी घ्यावी. त्या परीक्षेला पेटंट अधिनियमाच्या कलम १२६नुसार विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. पेटंटचा दावा न्यायालयात चालवायला मात्र सनद पुरते.

डोमेनचे म्हणाल, तर १९९९च्या रेडिफ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने आणि २००४च्या सत्यम इन्फोवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखेच संरक्षण दिले. पण डॉट कॉमचा तंटा यूडीआरपी या डोमेन तंट्यांच्या न्यायालयाबाहेरील आंतरराष्ट्रीय प्रक्रियेखाली नेला, तर नाव रद्द होते किंवा हस्तांतरित होते, नुकसानभरपाई मिळत नाही. आणि सुनावणी बहुधा होतच नाही, सारे काही लेखी कैफियतीवर ठरते. त्यामुळे ज्याला नेमके लिहिता येत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. शिवाय १ जुलै २०२४पासून स्क्रीनशॉटसारख्या पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण, नोंदवावे लागते. ते तयार करायला आधी शिकावे.

ठाणे_लोकल : खरे काम दिल्लीतच आहे. तेथील उच्च न्यायालयात २०२१पासून बौद्धिक संपदेचा स्वतंत्र विभाग आहे.

फोर्ट_चेंबर : अरिजित सिंह यांच्या आवाजाची एआयद्वारे होणारी नक्कल थांबवण्याचा २०२४चा अंतरिम आदेश मुंबईचा आहे. चित्रपट आणि संगीताचे पक्षकार याच शहरात राहतात.

ठाणे_लोकल : एका आदेशाने दिल्ली मागे पडत नाही.

पार्लेकर : दोन्हीकडे लंडनची पदवी चालते.

नवी_सनद_डोंबिवली : सर्वांचे आभार. नगर दिवाणी न्यायालयात मालमत्तेचे दावे चालवणाऱ्या एका वकीलबाईंकडे सोमवारपासून रुजू होत आहे. त्यांच्याकडे ट्रेडमार्कचे एकही काम नाही, हे ठाऊक आहे. परंतु उलटतपासणी त्या पहिल्या वर्षापासून कनिष्ठांना करू देतात, आणि जुन्या मुन्शींच्या मसालेवाल्याला ते बिल साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कसे विचारायचे, हे मला पदविकेत कोणी शिकवणार नाही. वीस हजारांतून अधिनियमांच्या प्रती आणि रेल्वेचा पास निघेल.