प्रतिसाद: मतदानापलीकडे काय करता येतं?

वर एकांनी लिहिलंय, 'मतदान केलं की आपला विषय संपतो, पुढे आपलं कोण ऐकतंय?' हे मला पटत नाही. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्याआधी त्यावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या गल्लीतल्या पर्जन्यवृक्षावर असाच एक कागद चिकटवलेला होता, पावसाने अर्धा भिजलेला. दूधवाल्याच्या तो नजरेस पडला म्हणून बरं! सोसायटीतल्या दोन आजी, मी आणि शेजारचा कॉलेजचा मुलगा असे चौघे महापालिकेत हरकत घेऊन गेलो. झाड वाचलं, फक्त धोकादायक फांद्या छाटल्या.

तेव्हापासून एक शिकले: तोंडी तक्रार करायचीच नाही. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचाच. उत्तर नाही आलं तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात 'माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारायचं. तीस दिवसांत उत्तर देणं महापालिकेला बंधनकारक आहे.

महापालिकेच्या प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी नेमण्याची तरतूद कायद्यात आहे, क्षेत्रसभेची, म्हणजे त्या-त्या भागातल्या मतदारांच्या सभेचीही आहे. या सभा प्रत्यक्षात व्हाव्यात म्हणून आपणच मागे लागायला हवं. तशी मागणी करणाऱ्या अर्जाचा माझा मसुदा तयार आहे. नौपाडा, उथळसर, वागळे भागातलं कुणी सोबत येणार असेल तर इथेच सांगा, एकत्रच जाऊन देऊ.