सीईटीसाठी रोज एक मॉक : तयारी की नुसता रतीब?

खडूफळा

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवसापासून आमच्या तालुक्यात मॉकचा, म्हणजे सराव परीक्षांचा, रतीब सुरू होतो. सकाळी तीन तास सीईटीची, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेची मॉक, दुपारी मार्कांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर, रात्री उद्याची लिंक. महिनाभर हेच. क्लासवाले अभिमानाने सांगतात, आम्ही साठ मॉक घेतो. पलीकडचा सांगतो, आम्ही ऐंशी.

मी बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतोय. कागदी ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करणारी पोरं पाहिली, २०१९ पासून संगणकावर परीक्षा देणारीही पाहतोय. माझं मत सरळ आहे : पाच-सहा मॉक पुरेत. संगणकाची सवय व्हायला दोन दिवस लागतात, धडा पक्का व्हायला दोन महिने. आपण उलटा हिशेब करून बसलोय.

एक मुलगा माझ्याकडे तीन मॉकचे निकाल घेऊन आला. तिन्हींमध्ये तोच एक प्रश्न चुकलेला : कपॅसिटरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारा पदार्थ) घातलं तर व्होल्टेजचं काय होतं? बॅटरी जोडलेली आहे की काढलीय, हे तो बघतच नव्हता. जोडलेली असेल तर व्होल्टेज तेवढंच राहतं, काढली असेल तर चार्ज तेवढाच राहतो आणि व्होल्टेज उतरतं. दहा मिनिटांचं काम होतं, पण चुकलेला प्रश्न उघडून बघायला त्याला वेळच नव्हता. दुसऱ्या दिवशी चौथी मॉक होती ना!

आणि जेईईच्या, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या मॉक देऊन आलेली पोरं सीईटीत चक्क प्रश्न रिकामे सोडून येतात. तिथे चुकलं की एक मार्क जातो, इथे निगेटिव्ह नाही. हाताला लागलेली सवय सुटत नाही.

पॅलेट_हिरवं

सर, आदर ठेवून सांगतो, पटलं नाही. मी २०२३ ला सीईटी दिली, मराठवाड्यातूनच. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, वाचणं धरून. हा वेग पुस्तकातून येत नाही. गणिताला ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, पण प्रत्येकी दोन मार्क, म्हणजे २०० पैकी १०० तिथेच. आणि पहिल्या भागात वेळ उरला तरी तो गणिताला मिळत नाही. हे माहीत असणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं.

माझा स्वतःचा घोळ सांगतो. चौथ्या मॉकला मला अपेक्षेपेक्षा अकरा मार्क कमी पडले. शोधलं तर काय, पर्यायावर क्लिक करून मी 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबता उजवीकडच्या पॅलेटमधल्या (प्रश्नांच्या नंबरांचा तक्ता) नंबरावर उडी मारत होतो. तसं केलं तर उत्तर सेव्हच होत नाही! सूचनांमध्ये लिहिलेलं असतं, पण सूचना कोण वाचतं? हे मॉकमध्ये कळलं म्हणून वाचलो.

खडूफळा

चौथ्या मॉकला कळलं ना? मग मी पाच-सहा म्हणतोय, त्यात बसतंय की. उरलेल्या पंचाहत्तर मॉकनी काय शिकवलं ते सांगा.

अवंतीची आई

सर, तुम्ही 'संगणकाची सवय दोन दिवसांत' म्हणालात तिथे मला राहवलं नाही. कुणाच्या घरचे दोन दिवस? आमच्याकडे संगणक नाही. मुलीने सगळ्या मॉक माझ्या मोबाईलवर दिल्या, मधे मधे फोन येत असताना. बोटाने वर सरकवायचं, आकृती चिमटीने मोठी करायची. केंद्र आमच्या गावापासून सत्तर किलोमीटर. साडेसातला हजर व्हायचं म्हणून पहाटे चारला निघालो, गाडीत तिला उलटी झाली. आत गेली तर समोर मोठा पडदा आणि हातात माउस. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, बाण कुठे गेला तेच कळत नव्हतं गं." पहिली दहा मिनिटं त्यातच गेली.

ती हुशार आहे. पुस्तक कोळून प्यालेली आहे. तुमचं पुस्तक खरंच, पण तिचं नुकसान पुस्तकाने झालं नाही.

रेघोट्या

ताईंना +१. अजून एक गोष्ट कुणी बोलत नाही. कागदावरच्या पेपरात आकृती प्रश्नाशेजारी असते, तिच्यावरच बाण काढता येतात, कोन लिहिता येतो. पडद्यावर काही काढता येत नाही. नजर वर पडद्यावर, हात खाली रफ कागदावर. या वर-खालीत मुलं आकडा चुकीचा उतरवतात. ७.२ चं २.७. माझ्या भाच्याच्या निम्म्या चुका अशा निघाल्या. त्याला ना धडा कच्चा म्हणता येईल, ना वेग कमी.

निम्नरेखित

तुम्ही सगळे मॉकवर भांडताय आणि खरा खेळ शिफ्टचा आहे. परीक्षा बऱ्याच सत्रांत होते, प्रत्येक सत्राला पेपर वेगळा. कुणाला सोपी शिफ्ट लागते, कुणाला अवघड. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकीचे आले आणि ५ मे ला सत्तावीस हजारांवर पोरांना पुन्हा बसावं लागलं. तयारी करा नाहीतर करू नका, नशिबाचा भाग आहे.

पॅलेट_हिरवं

२७ एप्रिलचं कुणीच समर्थन करणार नाही. पण त्यावरून 'सगळं नशीब' हे फार सोयीचं झालं. निकाल मार्कांवर नाही, पर्सेंटाईलवर लागतो आणि पर्सेंटाईल शिफ्टच्या आतच काढतात. तुमच्या सत्रात दहा हजार मुलं बसली आणि त्यातल्या ९५०० जणांना तुमच्याइतके किंवा कमी मार्क असतील, तर तुमचे ९५. पेपर अवघड असेल तर सगळ्यांनाच अवघड. म्हणूनच प्रत्येक सत्रातल्या पहिल्याला १०० मिळतात, मग त्याचे मार्क १८० असोत की १९५.

निम्नरेखित

कागदावर छान दिसतं. पण तुझ्या सत्रात नेमकी जेईईवाली गँग जास्त बसली तर?

पॅलेट_हिरवं

ठरवून बसवत नाहीत ना. हजारो मुलांत वाटणी झाली की फरक फार उरत नाही. अजिबात उरत नाही असं मीही म्हणणार नाही. काठावरच्या पोराला एका दशांशानेही कॉलेज बदलतं, ते मी माझ्या मित्राचं पाहिलंय. पण ते आपल्या हातात नाही. सेव्हचं बटण आहे.

खडूफळा

अवंतीच्या आईंचं वाचून कालपासून अस्वस्थ आहे. ताई, तुमचं बरोबर आहे. मी 'दोन दिवस' म्हणालो ते आमच्या कॉलेजची संगणक प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवून. आणि खरं सांगायचं तर तिथेही संगणक प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झोपलेले असतात, चावी क्लार्ककडे, क्लार्क रजेवर. मुलांना बसवतो कोण?

महाज्योती ही सरकारी संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना टॅब देते. चांगलीच गोष्ट आहे. पण टॅब म्हणजेही बोटच, माउस नव्हे.

मात्र तुमच्या अनुभवातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. अवंतीने मोबाईलवर सगळ्या मॉक देऊनही माउस आला नाहीच. तिला खऱ्या संगणकासमोर तीन मॉक मिळाल्या असत्या तर काम झालं असतं. मुद्दा संख्येचा नाहीच, असं मी पहिल्यापासून म्हणतोय.

रेघोट्या

सर, पहिल्यापासून नाही हं. पहिल्या प्रतिसादात संगणक दोन दिवसांत गुंडाळला होतात. 😄

सातबारा

मराठी माध्यमाचा एक प्रश्न. फिजिक्स, केमिस्ट्री मराठीतून घेता येतं, गणित मात्र इंग्रजीतच. क्लासच्या मॉक सगळ्या इंग्रजीत. माझा मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात, अकरावीला एकदम इंग्रजी. तो म्हणतो, सवय इंग्रजीची लागलीय, आता 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' वाचलं तर थांबून विचार करावा लागतो. फॉर्म भरताना भाषा कोणती निवडावी?

खडूफळा

ज्या भाषेत वर्षभर शिकला त्याच भाषेत. अकरावी-बारावी इंग्रजीतून केली असेल तर मायबोलीच्या प्रेमापोटी मराठी घेऊ नका, हे मी मराठी माणूस असूनच सांगतोय. परीक्षेच्या हॉलमध्ये अस्मिता बाजूला ठेवा.

पॅलेट_हिरवं

यावर सरांशी शंभर टक्के सहमत. नोंद घ्यावी, पहिल्यांदाच.

बाकी माझं गणित असं : पहिल्या पाच मॉक संगणक कळायला. पुढच्या दहा वेळेचं बसवायला, म्हणजे कुठला प्रश्न बघताक्षणी सोडून पुढे जायचं आणि शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्यांवर काहीतरी टिचकी मारून यायचं. निगेटिव्ह नाही तर रिकामं ठेवणं म्हणजे पैसे टेबलावर सोडून येणं. आणि प्रत्येक मॉकनंतर तेवढाच वेळ चुका बघायला. सकाळी मॉक तर दुपार चुकांची. ते नसेल तर सर म्हणतात तो रतीबच.

खडूफळा

म्हणजे पंधरा?

पॅलेट_हिरवं

पंधरा.

खडूफळा

दहा. बोर्ड संपल्यापासून सीईटीपर्यंत जेमतेम महिना मिळतो पोरांना. अकरावीचे प्रश्न २० टक्क्यांच्या आसपास असतात, ते धडे सगळी विसरलेली असतात. गुरुत्वाकर्षण, प्रकाश, सेमीकंडक्टर पुन्हा कधी वाचायचे?

पॅलेट_हिरवं

बारा. आणि त्यातल्या चार खऱ्या संगणकावर, माउसने, सकाळी नऊच्या ठोक्याला.

अवंतीची आई

मंडईत कोथिंबिरीची जुडी घेतल्यासारखं चाललंय तुमचं. ठरलं की कळवा. धाकट्याची परीक्षा दोन वर्षांनी आहे. आणि सर, त्या लॅबची चावी क्लार्ककडून तेवढी मागून ठेवा.