ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटजवळ काय वाचावं, काय टाळावं?

भेटगट_नगर: जय ख्रिस्त. दवाखान्यात भेटायला जाणाऱ्या मंडळीच्या लोकांसाठी एक पानी टाचण करतोय. पेशंट घाबरलेला असतो. आपले लोक बायबलमधलं स्तोत्र ९१ (देव प्रत्येक संकटातून राखील, असं म्हणणारं) वाचतात, "विश्वास ठेवा, काही होणार नाही" म्हणतात आणि निघतात. पेशंट गप्प होतो, भीती मात्र हलत नाही. वाचन कोणतं, किती वेळ? प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) आणि प्रार्थनेसोबत लावायच्या तेलाचं काय?

जुना_सेवक: गप्प होणारच. "काही होणार नाही" म्हटलं की त्याच्या डोक्यात उलटा हिशेब सुरू होतो: झालंच काही, तर माझाच विश्वास कमी पडला. स्तोत्र ९१ वाईट नाही, पण मत्तयच्या शुभवर्तमानात, अध्याय ४ मध्ये, मंदिराच्या शिखरावर सैतान हेच स्तोत्र येशूला ऐकवतो आणि येशू त्याला नकार देतो. हमीपत्र म्हणून ते वापरू नका.

२३वं घ्या. ६ वचनं, सावकाश वाचलं तरी २ मिनिटं. पहिल्या तीन वचनांत मेंढपाळाबद्दल "तो" असं बोलणं चाललंय. चौथ्यात मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथेच "तो"चा "तू" होतो. दरी टळत नाही, सोबत मिळते. त्या वचनावर थांबा. पुढचं घाईने वाचलं नाही तरी चालेल.

मग त्याला बोलू द्या. "कशाची जास्त भीती वाटते?" एवढंच विचारा. उत्तर बहुतेकदा मरणाचं नसतं. भूल उतरेल का, बिल कोण भरेल, पोरीची परीक्षा, असलं काहीतरी असतं. प्रार्थनेत तेच शब्द घ्या. स्तोत्र १३ चा साचा सोपा आहे: आधी तक्रार, मग मागणं, शेवटी भरवसा. सुरुवातीलाच "किती काळ?" हा प्रश्न चार वेळा आहे, तेव्हा तक्रारीला लाजायचं कारण नाही. लोक थेट भरवशावर उडी मारतात, तिथेच गाडी अडते.

रात्रीसाठी स्तोत्र ५६:३ द्या. अर्थ एवढाच, की भीती वाटेल तेव्हा तुझ्यावर भरवसा. श्वास घेताना पहिला अर्धा भाग, सोडताना दुसरा. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशूनेही तीनदा तेच शब्द म्हटले, नवे शब्द शोधत बसला नाही. (आणि "भिऊ नको" पवित्र शास्त्रात ३६५ वेळा, रोजचं एक, हे टाचणात घालू नका. मोजलं तर भरत नाही.)

वॉर्डसिस्टर: दादांच्या म्हणण्यात थोडी भर. वचन कार्डावर जाड अक्षरांत लिहा, रात्री चष्मा काढून ठेवलेला असतो. गळ्यातला क्रूस, अंगठी, कवळी थिएटरआधी काढावीच लागते. ऐन वेळी क्रूस काढला की काही जण जास्त बिथरतात. म्हणून आदल्या संध्याकाळीच सांगा आणि तो कुणाच्या हातात द्यायचा ते ठरवा.

प्रभुभोजन संध्याकाळीच उरका. घन पदार्थ निदान ६ तास आधी बंद, साधं पाणी साधारण २ तास आधीपर्यंत. पण पुष्कळ ठिकाणी रात्री १२ नंतर सगळंच बंद असतं. भाकरीचा तुकडा "प्रसादापुरता" म्हणून सकाळी दिला तर पोट रिकामं धरत नाहीत आणि ऑपरेशन पुढे जाऊ शकतं. तेल कपाळावर एक थेंब, वासाचं नको. छातीवर नको, ईसीजीच्या पट्ट्या चिकटत नाहीत. आणि आवाज पलीकडच्या खाटेला ऐकू जाणार नाही इतका. १० मिनिटं पुरे.

वसईकर: आम्हा कॅथलिकांत तेलाचा संस्कार धर्मगुरूच देतात, कपाळाला आणि हातांना. गंभीर ऑपरेशनआधी तो घेता येतो, अखेरच्या घटकेची वाट पाहायची नसते. फादर आले की नातेवाईक "आता संपलं" समजून रडू लागतात, त्यांना आधी समजवा. पापनिवेदन (फादरजवळ पापांची कबुली) करायचं असेल तर पडदा ओढून सगळे बाहेर. आणि सलाइन कुठल्या हाताला आहे ते फादरना दाखवा.

भेटगट_नगर: झोपेची गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं आमच्यात काही जण म्हणतात. काय सांगावं?

जुना_सेवक: जुन्या करारातलं १ राजे, अध्याय १९ उघडून द्या. एलीया संदेष्टा जीव घेऊन पळालेला, "मला मरू दे" म्हणतोय. देवदूत उपदेश करत नाही. झोपू देतो, उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगरावर देवाचं त्याच्याशी बोलणं त्यानंतरचं. गोळी मात्र डॉक्टरांनी लिहिलेलीच. घरून आणलेली असली तर सिस्टरांना दाखवून.