नवा मेंबर, जुने टोमणे: तुमचा अनुभव सांगा

परवा आमच्या कोलशेतच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्या भाडेकरूने विचारलं, "पाणी किती वाजता येतं?" सेक्रेटरी काकांचं उत्तर, "वर स्क्रोल करा." त्याच्या फोनवर आधीचे मेसेज आलेच नव्हते, तो वर जाणार कुठे? तुम्ही नवे होतात तेव्हा काय झालं? तुम्हीच कुणाला झापलं असेल तर तेही लिहा.

नेरूळहून:
पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर पहिल्याच दिवशी विचारलं, "डीपीएस तलावावर फ्लेमिंगो किती वाजता येतात?" हसऱ्या स्मायल्यांची रांग. एकाने लिहिलं, "ती काय लोकल आहे, टाइमटेबल असायला?" मी गप्प. रात्री एका काकूंचा वेगळा मेसेज आला: टाइमटेबल असतं, भरतीचं. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात चरतात, भरतीने चिखल बुडाला की तलावांकडे येतात. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. काल 9 ला दिसले असतील तर आज पावणेदहाच्या सुमारास जा. म्हटलं, हे ग्रुपवरच का नाही लिहिलंत? तर म्हणाल्या, "अगं, मीही तिथे दोन वर्षं गप्पच आहे."

ऐरोलीहून:
मी झापणाऱ्यांतला. सकाळच्या ठाणे-वाशी लोकलच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. एक नवा मुलगा रोज गुलाबाची फुलं टाकायचा. सगळ्यांसमोर लिहिलं, "इथे फक्त गाडीचं बोला." त्याने ग्रुप सोडला. डबा मात्र तोच. समोर बसून वाशीपर्यंत खिडकीबाहेर बघायचा. एकट्याला सांगता आलं असतं.

नौपाड्याहून:
मी नाव सांगितलं. लगेच विचारलं, "आडनाव?" पुढचं लिहीत नाही.

खारघरहून:
सगळं खापर जुन्यांवर नको हं. आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर जुलैत दिवसातून तीनदा येतं, "पांडवकड्याला जाऊ का?" (नका जाऊ. पावसाळ्यात या धबधब्यावर बंदी असते, माणसं वाहून गेलीत तिथे.) कितीदा तेच टाइप करायचं? शेवटी मेसेज पिन केला. पिन जास्तीत जास्त 30 दिवस राहतो, म्हणून दर महिन्याला पुन्हा करतो. तरी विचारतातच. पण आता कुणीतरी न चिडता "वरचा पिन बघ" एवढंच लिहितं आणि भागतं.

पुन्हा कोलशेतहून:
त्या भाडेकरूला शेवटी वॉचमनने सांगितलं. सहा ते साडेसात.