फरशीवरचं मेण आणि गरम पाणी

लॅबच्या फरशीवर पडलेलं मेण गरम पाण्याने पुसायचा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. हिस्टोपॅथॉलॉजीत (ऊतींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, तिथे) वापरतात ते मेण, म्हणजे पॅराफिन, साधारण 56 ते 60 अंशांना वितळतं. बादलीतलं पाणी पोछ्यात येईपर्यंत तेवढं गरम राहतच नाही. आणि राहिलं, तर मेण निघत नाही, पसरतं. त्याचा पातळ थर लाद्यांच्या सांध्यांपर्यंत जातो. झायलीनने (मेण विरघळवणाऱ्या द्रवाने) पुसणं तर नकोच. वास सोडा, त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) 30 अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे एप्रिलमधलं खोलीचं तापमान!

आमच्याकडे खरा दोष चपलांचा निघाला. मायक्रोटोमखाली (ऊतींचे पातळ काप करायच्या यंत्राखाली) पडलेली मेणाची कात्रणं तळव्यांना चिकटून दारापर्यंत जायची. तिथेच मी ट्रेसकट घसरलो (ट्रेमधले ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले ऊतींचे नमुने, वाचले; कोपर नाही). मग कटिंगच्या, म्हणजे मायक्रोटोमच्या, खोलीसाठी वेगळ्या चपला ठेवल्या. फरशी आता सकाळीच खरवडतो, एसी चालू करून. गार मेण ठिसूळ असतं, प्लास्टिकच्या पट्टीने पापुद्र्यासारखं निघतं. फार चिकटलेल्या जागी बर्फाची पिशवी पाच मिनिटं. लोखंडी पट्टी मात्र वापरू नका, व्हिनाइलच्या (प्लास्टिकच्या) फरशीवर ओरखडे पडले की मेण त्यातच जाऊन बसतं. साबणाचं पाणी सगळ्यात शेवटी.