अर्थशास्त्राची पदवी: शुल्काआधी गणित आणि खोलीभाडे पाहावे

ताई, आपली मुलगी दारव्ह्याला कला शाखेत बारावीत आहे, तिला अर्थशास्त्रातच पदवी घ्यायची आहे आणि सोयाबीनच्या उत्पन्नावर पुण्याचे खासगी विद्यापीठ झेपणार नाही, असे आपण लिहिले आहे. येथे अनेकांनी केवळ शुल्काचे आकडे दिले. परंतु शासकीय वा अनुदानित महाविद्यालयात बी. ए.चे शुल्क हा खर्चाचा लहान भाग असतो, खरा भार खोलीभाड्याचा आणि खानावळीचा पडतो. म्हणून प्रथम वसतिगृहाची चौकशी करावी.

नागपूरची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था, म्हणजे जुने मॉरिस कॉलेज, माझ्या मते पहिला पर्याय ठरावा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर करावा लागतो; उत्पन्नाचा आणि लागू असल्यास जातीचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवावा, कारण ऐन जूनमध्ये तेथे रांगा लागतात.

दिल्ली विद्यापीठाचाही विचार करावा. तेथील प्रवेश 2022 पासून सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर होतात. मात्र अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी त्या परीक्षेत गणित द्यावेच लागते, आणि आपल्याकडे कला शाखेतील मुले अकरावीतच गणित सोडून मोकळी होतात (शिक्षकही क्वचितच अडवतात). तिने ते सोडले असेल, तर नागपूरला पदवी करताना गणित व संख्याशास्त्राची तयारी ठेवावी आणि 1930 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचा विचार एम. ए.साठी करावा.