खोट्या कळा आणि बाळाची हालचाल

३६वा आठवडा चालू आहे, संध्याकाळी पोट दगडासारखं कडक होतं, दवाखान्यात जायचं का, असं विचारलंयस. मलाही आठव्या महिन्यापासून हे व्हायचं. लघवीला जाऊन यायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, डाव्या कुशीवर पडायचं. ओसरलं की खोट्या कळा. खऱ्या कळा कूस बदलली तरी थांबत नाहीत, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढतो. आमच्याकडे दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवरच वेळा लिहिलेल्या होत्या! पण ३७ आठवडे भरायच्या आत कळा नियमित यायला लागल्या, तर मोजत बसू नकोस, डॉक्टरांना फोन कर.

कुणी कुणी सांगतं, शेवटी जागा पुरत नाही म्हणून बाळ कमी हालतं. हे अजिबात मनावर घेऊ नकोस. लाथांऐवजी वळवळ, ढुशी जाणवेल, पण हालचाल कमी व्हायला नको. तसं वाटलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. गाडी नसेल तर १०८.

पाय सुजणं, छातीत जळजळ, रात्री चारदा उठणं चालायचंच. मात्र चेहरा-हात अचानक सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा बरगड्यांखाली दुखलं, तर लगेच दवाखान्यात जाऊन बीपी बघून घे. अंगावरून पाणी गेलं, म्हणजे बाळाभोवतीचं पाणी फुटलं, तर लगेच जा. हिरवट असेल तर तसं सांग.

आणि दवाखान्याची फाइल पिशवीत ठेव. माझी कपाटात होती, किल्ली सासूबाईंकडे, आणि सासूबाई भजनाला.